गळ्यातली केबल

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला आणि समोर नवरदेवच नव्हता.

तो मांडवाच्या कोपऱ्यात सापडला. नवरीचे काका पायात येणारी माइकची केबल कोपराभोवती गुंडाळत होते आणि जन्मभर साउंड लावत आलेल्या नवरदेवाला ते बघवलं नव्हतं. "काका, अशानं पीळ पडतो! एक वेढा सुलटा, एक उलटा," मुंडावळ्या मागे सारत तो शिकवत होता.

"अहो, मुहूर्त टळतोय! हार घाला!" गुरुजी ओरडले.

तो धावत आला आणि हातात होती ती केबलच त्यानं नवरीच्या गळ्यात घातली.

साखरपुड्यापासून नवरीनं फोनवर त्याच्याकडून केबलखेरीज दुसरं काही ऐकलं नव्हतं. तिनं वेढे निरखले.

"यातले दोन वेढे काकांचे आहेत," ती म्हणाली. "सोडवून पुन्हा घाला."