हान्ससाहेबाचा परम संतोष

हान्ससाहेब कल्याणहून कायमचा आपल्या देशी गेला आणि त्या आनंदात हरिहरशास्त्र्यांनी आळीभर पेढे वाटले. हा प्रसंग घडलाच नाही असं समजावं. आळीनं तसंच ठरवलं आहे.

तर, हान्ससाहेब शास्त्र्यांच्या गोठ्यामागच्या खोलीत राहत होता. जर्मनीहून संस्कृत आणि धर्मशास्त्र शिकायला आलेला विद्यार्थी. एक चातुर्मास राहतो म्हणाला होता. त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं.

"पाहुणा कधी जाणार?" शेजारच्या महिपतरावांनी ओटीवर न टेकताच विचारलं.

"शिक्षण संपलं की."

"अमावास्येपर्यंत संपवा. नाहीतर आळी तुमच्या घरचं पाणी पिणार नाही. आमचा बाळ विलायतेला जाऊन आला तर त्याला वाळीत टाकलंत. तुम्ही तर विलायतच आणून गोठ्यामागे बांधलीत!"

गेल्या साली बाळ वकिली शिकून परतला तेव्हा भरसभेत निवाडा शास्त्र्यांनीच दिला होता. समुद्र ओलांडणं वर्ज्य. अजाणता घडलं तर प्रायश्चित्त आहे, जाणूनबुजून केलं तर तेही नाही. राजा असो की रंक. बाळनं ठाण्याला बिऱ्हाड केलं आणि महिपतरावांनी शास्त्र्यांकडे पाहून हसणं सोडलं. परदेशी विद्यार्थ्यानं मात्र सभेत मान डोलावून दाद दिली, म्हणून शास्त्री तेव्हा बरेच दिवस खुशीत होते.

आता पंचाईत अशी, की विद्यार्थ्याला "जा" म्हणता येईना. ते गुरूला शोभत नाही. त्यानं आपण होऊन कंटाळायला हवं होतं.

"माझ्यावर सोडा," शास्त्र्यांच्या पत्नी उत्तराबाई म्हणाल्या. "परमुलखातला विद्यार्थी जेवणाला कंटाळतोच."

"तू किती पाहिलेस असे विद्यार्थी?"

"हा एकच. पुरे झाला."

त्या दिवसापासून हान्ससाहेबाला दोन्ही वेळा कारल्याची भाजी सुरू झाली. त्यात गूळ नाही, मीठही नाही. हान्ससाहेबानं पत्रावळ पुसून घेतली आणि हात जोडले. "मातोश्री, कारलें अत्युत्तम. परम संतोष!"

मग पौषातल्या पहाटे विहिरीच्या पाण्यानं अंघोळ. ओठ निळे पडले, दात वाजायला लागले. त्या वाजणाऱ्या दातांतूनही "परम संतोष" स्पष्ट ऐकू आलं. छपराची कौलं काढली, तर नक्षत्रं दिसतात म्हणून तो आभार मानायला आला. शेवटी खोलीत गाय नेऊन बांधली.

"आता एकटेपणा वाटत नाही," हान्ससाहेब म्हणाला.

"अहो, ह्याला दुःख म्हणून काही आहे की नाही?" उत्तराबाईंनी पळी आपटली. "मी दमले. कारली संपली!"

शास्त्र्यांनी शेवटचा उपाय म्हणून त्याला समोर बसवलं. "काय रे, घरची आठवण येत नाही का तुला?"

"येते, गुरुजी. म्हणून तर इथं फार बरं वाटतं."

"असं आहे तरी काय इथं?"

हान्ससाहेबानं नीट विचार केला. "आमच्याकडे शिकवतात पुष्कळ, पण शिकलेलं पाळत कोणी नाही. इथं गुरुजी जे सांगतात, तसं वागता येतं."

शास्त्र्यांना बरं वाटलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम.

मग त्यांनी शाल आणली, नारळ आणला आणि जाहीर केलं, "तुझं अध्ययन पूर्ण झालं. स्वदेशी जा, ज्ञान वाट. ही गुरूची आज्ञा." हान्ससाहेब गाईच्या गळ्यात पडून रडला आणि ट्रंक घेऊन मुंबईच्या गाडीत बसला. तिथून पुढे बोट होती.

इथं पेढ्यांचा प्रसंग येतो. तो घडला नाही. महिपतराव पेढा खाऊन वर शास्त्र्यांकडचं तांब्याभर पाणी प्यायले, हेही घडलं नाही.

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी हान्ससाहेब दारात उभा होता. हातात ट्रंक, डोक्याचा गोटा, मागे पिवळी शेंडी.

"बोट चुकली?" शास्त्र्यांनी कसंबसं विचारलं.

"नाही, गुरुजी. फळीवर पाय ठेवला आणि आपला निवाडा आठवला. समुद्र ओलांडला की धर्म गेला. राजा असो की रंक."

"अरे, पण येताना ओलांडलासच की!"

"ते अजाणता. त्याचं प्रायश्चित्त मुंबईतच उरकलं. आता जाणूनबुजून कसा ओलांडू?"

महिपतराव ओटीवरच होते. वर्षभरानं ते शास्त्र्यांकडे पाहून हसले. "निवाडा मागे घ्या, शास्त्रीबुवा. हा आपल्या घरी जाईल, आमचा बाळ आपल्या घरी येईल."

"घ्या ना हो मागे," उत्तराबाई हळूच म्हणाल्या. "बाळच्या आईनं, मालनवहिनींनी, लेकाला वर्षभर जेवू घातलं नाहीये."

शास्त्र्यांनी दौत आणि कागद मागवला. महिपतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतः समई जवळ सरकवली. शास्त्र्यांनी एकटाकी लिहून काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं:

"मेहेरबान कलेक्टरसाहेब, जिल्हा ठाणें, यांचे हुजुरास. अर्जदार हरिहरशास्त्री, वस्ती कल्याण, याची विनंती ऐसी जे, कल्याण इस्टेशनापासून जर्मनीपर्यंत, वाटेंत कोठेंही समुद्र लागणार नाहीं असा आगगाडीचा रस्ता बांधून मिळावा. उद्यां अमावास्या आहे, तरी काम दुपारच्या आंत उरकावें."