तात्यांची चार बोटं

कामथडीच्या शेफालीनं आपल्या विनोदी कार्टून मालिकेतल्या पुढाऱ्याला चारच बोटं दिली, ती कामाच्या सोयीसाठी. कार्टूनच्या हाताला अंगठा आणि तीन बोटं काढायची रीतच असते, मेहनत वाचते. बाकी नाक, चाल, सारखा फेटा सावरणं, सगळं तालुक्याच्या रंगराव तात्यांचं. भोरच्या एसटी स्टँडवर लोक मोबाईलवर बघून खदाखदा हसायचे.

एकदा तात्या गावात आले. समाजमंदिराच्या पायरीवर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"लई हसवतीस गं आमाला."

शेफालीला अंगठा जाणवला, मग तीन बोटं. हात निघाला तेव्हा तिनं नीट पाहिलं. कापल्याची खूण नव्हती. पाचव्या बोटाला जागाच नव्हती.

तात्यांची गाडी गेल्यावर तिनं वडिलांना विचारलं.

"पयल्यापासनं चारच हायेत की त्यांना," सावळाराम म्हणाले. "म्हणून तर तू तशी काढलीस न्हवं?"

ती शाळेत असताना ही पायरी बांधली, तेव्हा ओल्या सिमेंटवर तात्यांनी हात उमटवला होता. तिनं वाकून धूळ झटकली. चार बोटं. मग इतके दिवस आपण हसत होतो ते कशाला?

शेजारी तिचा स्वतःचा लहानपणीचा ठसा होता. तात्यांनीच कौतुकानं तिचा तळवा दाबला होता. तोही चार बोटांचा.

"चल घरी," वडील म्हणाले.

शेफालीनं हात ओढणीखाली घेतला आणि अंगठ्यानं बोटं मोजू लागली. तिसऱ्यानंतर अंगठ्याला काहीच लागलं नाही.