कॉम्प्युटर कसा वापरावा

श्रीवर्धनकडच्या एका शाळेतल्या सोनलबाईंची बढती शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या ऑनलाइन कोर्सच्या ग्रेडवर अडली होती. शेवटची असाइनमेंट म्हणजे मुलं कॉम्प्युटर कसा वापरतात त्याचा व्हिडिओ. हेडमास्तरांनी कुरकुरत कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप काढलं. "जपून हां बाई, अजून एकही ओरखडा पडू दिलेला नाही."

बाईंनी मोबाइल धरला आणि चौथीतल्या आरोहीला म्हणाल्या, "नेहमी करतेस तसंच कर."

आरोहीनं चपला दाराबाहेर काढल्या, कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिक अलगद उचललं, हात जोडले आणि विचारलं, "बाई, हळदकुंकू कुठं हाय? दसऱ्याला तर ताटात असतं."

मुदत संपत आली होती. बाईंनी कपाळाला हात लावून तोच व्हिडिओ धाडला.



दुसऱ्या दिवशी परीक्षकांचा शेरा आला: "मुलीचा टायपिंगचा वेग वाखाणण्याजोगा. ग्रेड ए."