मांडीवरचा प्रिंटर

"हा प्रिंटर भंगारात देऊ नका, बाई. मला द्या," मेळघाटातले शिक्षक सुखलाल कासदेकर म्हणाले.

अमरावतीतलं टायपिंगचं दुकान वसुधाताई कुलथे तीस वर्षांनी बंद करत होत्या. "गुरुजी, या जुन्या लेझरचे सुटे भाग आता मिळत नाहीत. बिघडला तर?"

"दुरुस्त करायला शिकवा. शाळेतल्या पोरांसाठी मी आमच्या कोरकू भाषेत गोष्टी लिहिल्यात. त्या छापायच्यात."

दोन दिवस बसून गुरुजींनी एकेक भाग उघडायला, पुसायला, जोडायला शिकून घेतलं. मग ते वीस किलोचं धूड मांडीवर घेऊन एसटीनं गेले.

दिवाळीनंतर टपालानं पुस्तक आलं, हातानं शिवलेलं, ठळक काळ्या देवनागरी अक्षरांचं. वसुधाताईंना कोरकू येत नव्हती. तरी त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं.