चंद्राच्या पलीकडचा दगड

"त्या विवरातला एवढाच तुकडा पृथ्वीवर उरलाय, शर्वाणी," प्रयोगशाळेचे प्रमुख हसबनीस सर म्हणाले. "कुटलास की संपला."

"सर, मला भाऊही एकच आहे."

तिचा भाऊ निनाद आणि त्याचे दोन सहकारी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला त्याच विवरात अडकले होते. खडक तापवून ऑक्सिजन काढणारी त्यांची भट्टी तडकली होती. आता ती फार तर एकदाच पेटली असती. भोवती काळा खडक होता आणि पांढराही, पण कोणता घालायचा हे तपासणारं यंत्र बंद पडलं होतं. फार पूर्वी एका आघाताने तिथून उडालेला हा दगड वाळवंटात सापडला होता आणि त्यात दोन्ही खडकांचे कण होते.

सरांनी स्वतःच कपाट उघडलं.

शर्वाणीने दगड कुटला, कण वेगळे करून तापवले. पांढऱ्यातून काहीच निघेना. काळ्यातून ऑक्सिजन निघाला, पण फारच थोडा. तिने तीनदा आकडेमोड केली. उत्तर बदललं नाही.

"काळा घाल," तिने चंद्राभोवतीच्या उपग्रहामार्फत रेडिओवर निनादला सांगितलं.

"यान यायला नऊ दिवस आहेत. तोवर पुरेल ना, ताई?"

तिला खोटं बोलवेना. "दोघांना पुरेल."



"बरं," निनाद म्हणाला. "हे त्या दोघांना कळू देऊ नकोस."