राहून गेलेला शब्द

“प्रॉबेबली म्हणजे कदाचितच ना?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही साहेब,” दुभाषीबाई म्हणाल्या. “कदाचितमध्ये दोन्ही पारडी सारखी असतात. हा शब्द म्हणजे बहुधा. कल होकाराकडे, पण खात्री नाही.”

“आणि नऊ वर्षांपूर्वी साक्षीदार नेमकं काय म्हणाला होता?”

“तो म्हणाला होता, ‘बहुधा हाच माणूस.’ मी सांगितलं, ‘हाच माणूस.’”

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. बाईंचे गुडघे भरून आले होते, पण कुणी बसा म्हणेना, म्हणून त्या उभ्याच राहिल्या.

गोदामाच्या आवारात भरदिवसा पहारेकऱ्याचा खून झाला, तो समोरच्या हॉटेलच्या खिडकीतून पाहणारा एकच माणूस होता, एक परदेशी इंजिनियर. त्याला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. त्याचं बोलणं बाईंनी कोर्टाला उलगडून सांगितलं आणि त्या एका साक्षीवर गोदामातल्या रंगाऱ्याला जन्मठेप झाली. त्या दिवशी बाईंच्या हातून गेलेली ती सहावी साक्ष. सकाळपासून अंगात कणकण होती, कधी एकदा घरी जाऊन पडते असं झालं होतं. एक शब्द जिभेवरून निसटला आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

निवृत्तीनंतर जुन्या वह्या रद्दीत घालताना तो त्यांना दिसला. त्यांच्याच अक्षरात.

“फाडून टाक,” थोरली बहीण म्हणाली. दोघी एकत्रच राहत. “या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्यात का तुला?”

“ताई, त्या रंगाऱ्याची आई गेली, तेव्हा तोंड पाहायलाही सोडलं नाही त्याला.”

दुसऱ्या दिवसापासून ताई रोज डबा भरून देऊ लागली.

दोन वर्षं बाई त्या पायऱ्या चढल्या. प्रतिज्ञापत्र झालं, तारखांवर तारखा पडल्या. इंजिनियर मधल्या काळात वारला होता, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? वहीतला तो शब्द आणि बाईंची जबानी, एवढ्यावरच सगळं उभं होतं. पूर्वी लांबून नमस्कार करणारे वकील आता फायलीत डोकं घालत.

एकदा जिन्यात पहारेकऱ्याची बायको आडवी आली.

“एका शब्दानं एवढा फरक पडतो?” तिनं विचारलं.

“पडतो, बाई.”

“मग माझ्या नवऱ्याच्या बाजूचा एखादा शब्द राहिलाय का, तेही बघा त्या वहीत.”

कठड्याला धरून बाई एकेक पायरी खाली उतरल्या. त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

शेवटी निकाल लागला. संशयाचा फायदा मिळून रंगारी सुटला.

तुरुंगाच्या दाराशी त्याला न्यायला कुणीच आलं नव्हतं. बाई तेवढ्या उन्हात उभ्या होत्या. तो बाहेर आला. केस पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. बाईंना पाहून त्यानं हात जोडले. समोरच्या टपरीवर दोघं बाकावर बसली.

“तुमची नऊ वर्षं माझ्यामुळे गेली,” बाई म्हणाल्या. “माफी मागायलाही तोंड नाही मला.”

“असं म्हणू नका. तुम्ही नसता, तर मी आतच मेलो असतो.”

त्यानं एकापाठोपाठ दोन कप चहा घेतला. त्याला सावकाश घोट घेताना पाहून बाईंच्या मानेवरचं ओझं प्रथमच जरा हललं. आज घरी जाऊन निवांत झोपू, असं त्यांच्या मनात आलं.

“एक विचारू?” रंगारी म्हणाला. “तो तुमचा शब्द. कोर्टात मला नीट उमगला नाही. बहुधा म्हणजे शंभरात किती खात्री धरायची?”

“धरा ऐंशी.”

रिकामा कप त्यानं हलकेच बाकावर ठेवला.

“ऐंशीच?” तो म्हणाला. “कमाल आहे. त्याला आडवा पाडून मी वर पाहिलं, तेव्हा खिडकीतल्या त्या साहेबाशी माझी चांगली नजरानजर झाली होती.”