आबांचा मासा खाईना

आबा गेल्यापासून त्यांच्या गोल्डफिशने दाणा तोंडात घेतला नव्हता. नवव्या दिवशी त्याला पाण्याच्या पिशवीत घालून मी पिंप्राळ्यात प्रशीलभाऊंच्या दुकानात नेलं. त्यांनीच तो आबांना विकला होता.

"आबांनी हाताने भरवून लाडावून ठेवलाय याला. ताई, दुसरा घेऊन जा."

"नको. हाच जगवायचा. याला जोडीदार द्या."

कोणाशी जमतं ते बघायला त्यांनी त्याला मोठ्या टाकीत सोडलं.

टाकीतले सगळे मासे डाव्या कोपऱ्यात काचेला लागून जमले. आमचाही गेला. तिकडे कोणीच उभं नव्हतं.

"खाणं टाकलंत का?"

"डबा उघडलाच नाही अजून."

मी मुद्दाम त्या रिकाम्या जागी जाऊन उभी राहिले. मासे हलले नाहीत. पाण्यावर एकामागून एक बारीक वलयं उठली. आमचा मासा वर आला आणि खाऊ लागला.